इरम्माअक्काच्या पायपेटीतले तारे

बेसूर पेटी समोर आली की माझं डोकं फिरतं. लग्नात असू दे न्हाईतर मयतीच्या भजनात, पेटीवाल्याचा एक सूर जरी उतरलेला असला तरी मला तिथं बसवत न्हाई. माझी बायको उमादेवी म्हणती, "तुमी मेल्यावर तुमच्या म्होरं चांगली लावलेली पेटीच आणावी लागंल, न्हाईतर उठून बसताल." हसण्यावारी न्यायची गोष्ट हाय. पण आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या हातनं जे झालं ते ह्या खोडीपायी झालं.

मी पंचाक्षरी स्वामी. येडशीत टेशनाच्या रस्त्याला माझं पेटी दुरुस्तीचं दुकान हाय. पाटी लावलेली न्हाई. पार भूम-परांड्यापास्नं भजनी मंडळं पेट्या घेऊन येत्यात, त्यांना पाटी लागत न्हाई. ही विद्या मला महालिंगप्पा आप्पांनी दिली. अन् ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या इरम्माअक्का म्हंजे आप्पांची लेक, माझ्यापरीस आठ वर्षांनी मोठी.

आप्पा जवानीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. आमी त्याला पायपेटी म्हणतो. हाताच्या पेटीसारखी मांडीपुढं घ्यायची नसती ती, कपाटाएवढी असती. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारायचा अन् दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. कंपनी मोडली तवा बाकीच्यांनी पडदे नेले, पोशाख नेले. ही अवजड पेटी कुणालाच नको होती. आप्पांनी बार्शीहून बैलगाडीत घालून, वर गोधड्या टाकून ती येडशीला आणली. वाटेत म्हणं दोनदा उतरून तिला पाणी विचारलं त्यांनी! असला माणूस.

कंपनीत बाईनं पेटीला बसायची रीत नव्हती, पण घरात कोण बघतंय? अक्का सात वर्षांच्या असताना आप्पांनी त्यांना पायपेटीवर बसवलं. पाय पोचायचे न्हाईत, म्हणून मी खाली बसून हातानं भाता दाबायचो, असं मी सांगतो खरं, पण ती थाप. तवा मी जन्मलोच नव्हतो, ती कामगिरी दुसऱ्या कुणाची तरी. मी आप्पांकडं शिकायला आलो तवा अक्का लग्नाच्या झाल्या होत्या अन् माझ्यापेक्षा दसपट बरं वाजवत होत्या. माझा त्यांच्यावर राग होता. खोटं कशाला बोलू?

आता कामाचं एक सांगतो, म्हंजे पुढचं कळंल. पेटीचा सूर म्हंजे पितळेची एक बारकी जीभ. टोकाला खरडली की सूर चढतो, बुडाला खरडली की उतरतो. आप्पांच्या पायपेटीत एकेका पट्टीला असल्या दोन जिभा. दोन्ही एकच बोलल्या पाहिजेत. केसाएवढा फरक राहिला की आवाज सरळ येत न्हाई, हेलकावे खातो, वांऽव वांऽव करतो. त्याला आमी लहर म्हणतो. लहर मारायची, ह्येच आमचं काम. आप्पा म्हणायचे, "दोघांचं लगीन लागलं पाहिजे पंचाक्षरी. भांडण ऐकू आलं तर लगनं लावणारा तू कसला जंगम?" ते बोल मी डोक्यात खिळ्यानं ठोकून घेतले.

अक्कांचं लगीन तिकडं उमरग्याच्या बाजूला झालं. नवरा चांगला होता, पण सहा वर्षांत गेला. दीड वर्षाची शिवकन्या कडेवर घेऊन अक्का माघारी आल्या. पुढं आप्पाबी गेले. अक्कांना शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायचं काम लागलं. तीनशे पोरांची खिचडी, रोज. सकाळी तांदूळ निवडायचा, डाळ धुवायची, चुलवणावर पातेलं चढवायचं. संध्याकाळी घरी येऊन हात धुतले की पायपेटी. सोमवारी भजनी मंडळाच्या बाया त्यांच्या ओट्यावर जमायच्या. सगळा गाव म्हणायचा, बाप गेला पण हात ठेवून गेला.

शिवकन्या म्हंजे वेगळंच रसायन होतं. तिला पेटीत गोडी न्हाई. तिला आभाळाची गोडी. धाराशिवला बी.एस्सी.ला होती, दुपारच्या एस.टी.नं जायची, तवर सकाळभर शाळेच्या खोपटात आईजवळ. अक्का तांदूळ निवडायच्या अन् ही बडबडायची. मी एकदा चुलीसाठी सरपण टाकायला गेलो होतो तवा कानांनी ऐकलंय.

"आई, तिथं वर हवाच न्हाई. तुझी पेटी नेलीस तरी वाजायची न्हाई. भात्यात काय भरशील?"

"मग तिथली माणसं भजन कशी करत्यात?"

"माणसंच न्हाईत गं आई."

"मग एवढी जागा कशाला?"

शिवकन्या इतकी हसली, इतकी हसली, की खिचडी करपली. पोरांनी त्या दिवशी तशीच खाल्ली.

दुसऱ्या वर्षाला असताना पोरीला ताप आला. डेंग्यू. येडशी, मग धाराशिव, मग सोलापूर. आठव्या दिवशी गेली. एकोणीस वर्षांची. जास्त काय सांगू? रुद्रभूमीत आमच्यात माणसाला बसवून माती देत्यात. पोरीला बसवली तवा तिची मान एका बाजूला कलत होती, अन् अक्का म्हणाल्या, "तिला वर बघायची सवय हाय, मान सरळ करा." सगळे बाप्ये रडले.

त्यानंतर अक्कांनी भजन सोडलं. बायांनी वर्षभर वाट बघितली, मग सोमवारचं दुसरीकडं नेलं. पेटी मात्र अक्का रोज वाजवायच्या. काय वाजवायच्या, ह्येच कुणाला कळंना. एका पट्टीवर बोट ठेवायचं अन् ठेवायचंच. भाता रिकामा होत आला की सूर खाली बसायचा, मरायला टेकायचा, मग एक पाय मारून त्याला पुन्हा उठवायचा. मधीच सगळं बंद. आपल्याला वाटावं संपलं, चप्पल घालावी, तर आतनं दुसराच एक सूर, लांबचा. ताल न्हाई, चाल न्हाई, शब्द न्हाई. कुणी म्हणालं, पोरीच्या दुःखानं बाई भ्रमिष्ट झाली. कुणी म्हणालं, पेटीत पोरगी आलीय. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

माझा त्रास निराळा होता. मला ऐकू यायचं की पेटी बेसूर झालीय! एकेका पट्टीत लहर. खर्जात तर अशी संथ, की म्हशीनं रवंथ करावा. वरच्या पट्ट्यांत जलद. मी घरावरनं जाताना दातओठ खायचो. आप्पांची पेटी, अन् ही दशा! चारदा तरी म्हणलं असंल, "अक्का, लावून देतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"हात लावू नको," अक्का म्हणायच्या.

मला वाटायचं, भिडेपोटी म्हणत्यात. आपल्या लोकात पहिलं न्हाई म्हंजे न्हाई नसतं. चहाला न्हाई, जेवायला न्हाई, अन् मग बसत्यातच की. तसलंच ह्ये न्हाई समजलो मी.

शाळेत योगीराज सर म्हणून विज्ञानाचे मास्तर आले. लातूरकडचे, एकटेच. अक्कांच्या भिंतीला लागून खोली केली. भिंत कसली, पत्रा अन् चार विटा. दोन महिने त्यांनी ऐकलं अन् एक दिवस ओट्यावर येऊन उभे राहिले. मी तिथं होतो, अक्कांच्या दाराची कडी बसवत होतो.

सर म्हणाले, "अक्का, परदेशात चर्चमध्ये मोठमोठे ऑर्गन असतात. तिथं आताचे काही लोक अंतराळावर असंच काहीतरी वाजवतात. लांब सूर, मोठ्या जागा. मी मोबाईलवर ऐकलंय. तुम्ही कुठं ऐकलंत?"

"मी कुठं ऐकू? खिचडी हलवताना?"

"मग हे काय वाजवता?"

अक्कांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी शिवकन्या, शिवी, सांगायची मला. मी अडाणी, डोक्यात राहत न्हाई. विसरून जाईन म्हणून वाजवून ठेवते. एका ताऱ्यापास्नं दुसऱ्यापतोर उजेडाला जायला वर्षं लागत्यात म्हणं. तेवढं थांबायचं. अन् काही तारे जोडीनं असत्यात, एकमेकाभवती फिरत्यात, कधी भेटत न्हाईत. ते तिचे लई आवडते."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी कडीचा स्क्रू शोधत होतो. खाली पडला होता. जोडीचे तारे, फिरत्यात, भेटत न्हाईत, हे सगळं माझ्या कानावरनं गेलं अन् मी पाटाखाली स्क्रू हुडकत बसलो. आजबी आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटती.

ऑगस्टात शाळेत अंतराळ दिवस करायचा असतो. मागल्या वर्षी सरांनी ठरवलं, अक्कांनी पायपेटी वाजवायची. सगळ्या गावासमोर.

"किती वेळ लागेल?" सरांनी विचारलं.

"चाळीस मिन्टं."

"अक्का, सरपंचाचं भाषण पण आहे."

"मग तीस. त्याच्या खाली तारे बसायचे न्हाईत."

अक्का उमादेवीला म्हणाल्या, "एकदा सगळ्यांसमोर वाजलं की शिवीचं ऱ्हाईल गं काहीतरी. चार माणसांच्या कानात तरी ऱ्हाईल." नऊ वर्षांत त्यांना कशाची हौस अशी वाटलेली मी बघितली नव्हती. शाळेत पोरांना वाढताना गुणगुणायच्या. पोरं घाबरून बघायची.

अन् जुलैत, आषाढ सरता सरता, अक्कांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. चुलीपाशीच पडल्या. सोलापूरला नेलं. बारा दिवस दवाखान्यात. डाक्टर म्हणाले बोलणं येईल, उजवा हात शाबूत हाय, डावा पाय ओढत ऱ्हाईल. त्यांच्या म्हशीचं दाणापाणी उमादेवी बघायची, म्हणून घराची किल्ली आमच्याकडं.

मला वाटलं, हीच वेळ. अक्का येतील तवा आप्पांची पेटी आप्पांच्या हातची वाटली पाहिजे. गावासमोर वाजणार, लोक म्हणतील पंचाक्षरी असताना पेटी अशी? उमादेवी दारात उभी राहून म्हणाली, "अक्काला इचारलं का?"

"आजारी माणसाला काय इचारायचं? तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाईच कळत. म्हणून तर इचारायचं म्हणते."

बायकोचं ऐकायचं नसतं, ह्ये आमच्या घराण्याचं ब्रीद. मी पाठची फळी काढली. सूर बाहेर घेतले अन् माझं डोकंच फिरलं. जोडीतल्या एकेका जिभेवर खरडल्याच्या खुणा! पातीनं, खिळ्यानं, कशानं कुणास ठाऊक. काही ठिकाणी दहा-दहादा खरडलेलं, पुसलेलं, पुन्हा खरडलेलं. "कुण्या भाड्यानं ह्यात हात घातला?" मी ओरडलोच. मुरूडचा रेवणप्पा पेट्या दुरुस्त करतो, त्याच्यावर संशय घेतला. फोन लावून त्याला शिव्याबी घातल्या. तो बिचारा म्हणाला, स्वामी, मी येडशीला दोन वर्षांत पाऊल टाकलं न्हाई. मी म्हणलं, खोटं बोलतोस.

तीन दिवस बसलो. सकाळी दिवस उगवल्यापास्नं पाच-साडेपाचपर्यंत. एकेक जोडी घेतली, कानस लावली, ऐकलं, पुन्हा लावली. लहर संथ व्हायची, अजून संथ, अन् मग एका घासण्याला नाहीशी. दोन आवाजांचा एक आवाज. आप्पा असते तर पाठीवर थाप मारली असती. खरडलेल्या सत्तावीस जोड्या. एकबी लहर जिवंत ठेवली न्हाई. वरनं लाकडाला तेल चोळलं, पितळ चिंचेनं घासलं. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं न्हाई, अन् ह्येच म्हणायला आता माझी जीभ जड होतीय.

अक्का आल्या. नागपंचमीचा दुसरा दिवस. उमादेवीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का काठीवर, तोंड जरा वाकडं, पण डोळे थेट पेटीकडं. मी पोरासारखा पुढं पुढं करत होतो. खुर्ची दिली. डावा पाय चालत न्हाई म्हणून मी खाली बसून भाता घेतला. "वाजवा अक्का."

त्यांनी खर्जातली एक पट्टी दाबली. सूर आला. सरळ. स्वच्छ. अक्कांनी बोट धरून ठेवलं, कान तिरपा करून. काहीतरी यायची वाट बघत होत्या. मग दुसरी पट्टी. मग तिसरी. सहा पट्ट्या झाल्या.

"पंचाक्षरी," त्या म्हणाल्या. बोलणं जडावलेलं, एकेक शब्द ओढून काढायच्या. "कुठं गेल्या?"

"काय अक्का?"

"लहरी."

"मारल्या की!" म्या छाती फुगवून म्हणलं. "सगळ्या मारल्या. कुणीतरी खरडून ठेवलं होतं बघा, पार वाटोळं केलं होतं. एक ठेवली न्हाई!"

अक्कांनी हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "म्या खरडलं होतं ते."

उमादेवीनं तोंडाला पदर लावला. अक्का थांबत थांबत बोलत होत्या. शाळेतल्या विळीचं तुटलेलं पातं घेऊन, नऊ वर्षं, सुट्टीच्या दिवशी एकेक जोडी. कुठली जोडी जलद फिरती, कुठली हळू, शिवकन्येनं सांगितलेलं आठवून आठवून. एक खर्जाची जोडी होती, दीड वर्षं लागलं तिला. श्वास आत, श्वास बाहेर, तेवढ्यात एकच हेलकावा. "ती म्हणायची आई, काही तारे एक फेरी मारायला आपल्या आयुष्याएवढं घेत्यात. तसं कसं वाजवू? तसं कसं वाजवू? मग सापडलं होतं." अन् म्या ते तीन दिवसांत मारलं होतं. लगीन लावून दिलं होतं त्यांचं.

जमिनीनं दुभंगून मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण ती घेत न्हाई, माणसाला तसंच बसावं लागतं. "पुन्हा करतो अक्का. तुमी सांगा, मी खरडतो. तुमचे कान, माझा हात."

कार्यक्रमाला बावीस दिवस होते. मी दुकानाला कुलूप घातलं. सूर काढायचा, बुडाला कानस लावायची, बसवायचा, भाता मारायचा, अक्कांच्या तोंडाकडं बघायचं.

"न्हाई. लई जलद."

पुन्हा.

"न्हाई."

पुन्हा.

"जवळ आलं... न्हाई. गेलं."

तुमाला सांगतो, लहर मारणं सोपं हाय. शून्य हे एकच असतं, कुणीबी पोचतं. पण लहर ठेवायची, अमुक इतकीच ठेवायची, अन् सत्तावीस जोड्यांत सत्तावीस तऱ्हेची, हे मी तीस वर्षांत कधी केलंच नव्हतं. आमच्या विद्येत ते नव्हतंच. कानस माझी, पण हात उलटा चालंना. अन् पितळाला काही अंत असतो. चौदाव्या दिवशी खर्जाच्या त्या जोडीतली जीभ माझ्या हातात टक्कन तुटली. दीड वर्ष लागलेली जोडी. मी कानस भिंतीवर फेकून मारली अन् तिथंच भुईवर बसून गुरासारखा रडलो. आधीचे दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. "मला न्हाई जमत अक्का, मी नासलं सगळं, मी तुमच्या पोरीचं नासलं!" अक्का खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोलावून घेतलं. मी दुकानातल्या एका जुन्या पेटीतली एक जीभ काढून तुटलेल्या जागी बसवली, जरा खरडली, भाता मारला. अक्का ऐकत होत्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आलं. ह्येच."

"खरंच अक्का?"

"ह्येच होतं. पुढची घे."

त्या दिवशी सगळं सरळ होत गेलं. पुढची घेतली, "हां." त्याच्या पुढची, "हां, ह्येच." दिवस मावळायच्या आत बाकीच्या सगळ्या जोड्या झाल्या. मला वाटलं हात बसला. आप्पा पावले, येडशीचा रामलिंग देव पावला. घरी जाऊन मी चार भाकरी खाल्ल्या. उमादेवी म्हणाली, "आज लई खुशीत?" म्या म्हणलं, "आलं! अक्का म्हणाल्या ह्येच होतं!" ती ताट उचलून घेऊन गेली.

अंतराळ दिवसाला शाळेचं मैदान भरलं. पुठ्ठ्याचं यान, त्याला चांदीचा कागद. सरपंचांनी चाळीस मिन्टं भाषण केलं, त्यात यान कमी अन् सरपंच जास्त. मग अक्का. मी खाली भात्याला. पहिला सूर लागला अन् पोरं गप्प झाली. खालचे लांब सूर, मधली शांतता, पुन्हा सूर, अन् त्यात लहरी फिरत होत्या. सर खांबाला टेकून उभे होते. शिवकन्येच्या वर्गातल्या दोन पोरी लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या, त्या रडत होत्या. मला वाटलं, देवा, झालं नीट. पाप फिटलं.

तीस मिन्टं म्हणाल्या होत्या, अकरा मिन्टांतच अक्कांनी हात उचलला. मला वाटलं दमल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खालनं विचारलं, "अक्का, कसं झालं?"

"भाता चांगला दिलास," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला न्हाई. मी विचारलं की म्हणायच्या, "वाजवून झालं की आता." डिसेंबरात दुसरा झटका आला, ह्या वेळी दवाखान्यात न्यायचीबी वेळ दिली न्हाई. शिवकन्येच्या शेजारी त्यांना बसवलं. मी मान धरून होतो.

परवा योगीराज सरांची बदली झाली. जाण्याआधी दुकानात आले. म्हणाले, "स्वामी, एक गोष्ट माझ्या फोनात आहे. मार्चमधली. अक्का आजारी पडायच्या आधीची. भिंतीपलीकडून घेतली होती, त्यांना न सांगता. तुमच्याकडं असावी." फोन माझ्या हातात दिला.

आधी पत्र्याचा आवाज, कुठंतरी कुत्रं. मग पेटी. खर्जाची ती जोडी. मी ती तवा शंभरदा ऐकली होती अन् बेसूर म्हणून दात खाल्ले होते. आता पहिल्यांदा ऐकली. एक श्वास आत, एक बाहेर, अन् तेवढ्यात एकच हेलकावा, इतका सावकाश की आवाज कुठूनतरी लांबून वळून आपल्याकडं येतोय असं वाटावं. मी मनातल्या मनात मोजलं. आमच्या कानाला मोजावं लागत न्हाई, आपोआप मोजलं जातं. एका श्वासाला एक. म्या बसवलेल्या जोडीला पाच होत्या. पुढची पट्टी. तिच्या दोन, माझ्या सात. त्याच्या पुढची. कुठं मेळच न्हाई. एकबी जोडी जवळसुद्धा न्हाई. वाट्टेल त्यानं वाट्टेल तशी खरडलेली पेटी, ती म्या गावासमोर भाता मारून वाजवून घेतली होती.

शेवटी सूर बंद झाले. पेटीचं झाकण पडल्याचा आवाज आला. अन् मग अक्का, रोजच्या बोलण्यात, तांदूळ निवडताना पोरगी शेजारी बसल्यागत: "असंच म्हणली होतीस न्हवं गं, शिवे?"

तिथं संपलं.

सर म्हणाले, "यावरून परत लावता येईल का?" म्या मान हलवली. पाच पट्ट्यांचं हाय ते. बाकीच्या बावीस जोड्या अक्काच्या कानात होत्या अन् अक्का मातीत हायेत.

सर गेल्यावर मी दुकानात तसाच बसलो. हां, आलं, ह्येच. माझ्या कानाला पाच अन् एक यातला फरक कळतो, मग अक्कांच्या कानाला कळला नसंल? त्यांनी तर दीड वर्षं घालून ती बसवली होती. काही आलं नव्हतं त्या दिवशी. मी आदल्या दिवशी भुईवर बसून रडलो होतो, ते बघून त्यांनी लेकीचा सूर सोडून दिला, अन् मला चार भाकरी खायला मोकळं केलं.